हंबीररावांच्या सोप्यातला उजेड

"एक महिना! फकस्त एक महिना द्या, साहेब! संध्याकाळी सा ते नऊ ह्या गावात काजवा बी माझी परवानगी काढून चमकंल!"

हे वाक्य हवालदार हंबीररावांनी चावडीत, सगळ्या गावासमोर, छातीवर मूठ आपटून म्हटलं. पलटणीत अठरा वर्षं काढून आलेला माणूस. त्याला शब्द द्यायला वेळ लागत नसे. पुढचं निस्तरायला घरी कारभारीण रंगूबाई होत्याच!

साल होतं त्र्याहत्तर. पावसानं दगा दिला होता, कोयनेचं पाणी खाली गेलं होतं आणि कुंडलच्या अलीकडच्या वांगरेवाडीत वीज मंडळाचे साहेब जीप घेऊन आले होते. साहेबांचं म्हणणं साधं होतं. संध्याकाळी सहा ते नऊ सगळी घरं एकदम दिवे लावतात आणि तेवढ्या वेळात वीज पुरत नाही. तेव्हा जे काय लागेल ते दिवसा वापरा, नाहीतर नऊनंतर. हे तीन तास जरा हात आखडता घ्या.

"घेतला!" हंबीरराव म्हणाले. "पर साहेब, वड्यापल्याड माळावर बिराप्पाची वस्ती हाय. खांब रवून दोन वर्सं झाली, तारा वडल्या, घराघरात मीटर बशिवलं. दिवा कवा?"

"तुमच्या गावाच्या वाट्याला आलेल्या विजेत संध्याकाळी एक बल्ब वाढवायला जागा नाही, हवालदार. गावानं जागा करून दाखवा. दुसऱ्या दिवशी वस्तीला वीज जोडतो!"

चावडीच्या उंबऱ्याशी घोंगडं पांघरून बिराप्पा बसला होता. बोलायचा त्याचा स्वभावच नव्हता. एकाहत्तरच्या लढाईत हंबीरराव सरहद्दीवर असताना ह्याच बिराप्पानं आपली मेंढरं भावाकडं सोपवून त्यांच्या उसाला अख्खा हंगाम पाणी पाजलं होतं. त्याबद्दल पै घेतली नाही. नुसतं एवढंच म्हणाला होता, "माळावर दिवा आला तर बगा. हरणाबाईला एका म्हैन्यात दोनदा इच्चू डसला, अंधारात." हरणाबाई म्हणजे त्याची बायको. हंबीररावांनी तेव्हाच शब्द दिला होता. म्हणून तर चावडीत मूठ एवढ्या जोरात आपटली.

दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला हंबीररावांनी चौकात उभं राहून पलटणीतली शिट्टी फुंकली. गावातली कुत्री तेवढी गोळा झाली. दिवा एकही विझला नाही!

सगळ्यांत आधी अडल्या साळूबाई. ह्या हंबीररावांच्या चुलत आत्या, वय ऐंशीच्या पुढं आणि आवाज चाळिशीतला.

"दिवेलागणीला घर काळं ठिवू व्हय रं? लक्ष्मी दाराशी येऊन माघारी जायाची की!"

"आत्ती, गावात बल्ब येऊन सा वर्सं झाली. त्याच्या आदी लक्ष्मी काय ठेचकाळत येत हुती?"

साळूबाईंनी विचार केला. "तवा निरांजन असायचं."

"मग लावा की निरांजन! लक्ष्मीला तेलाचा दिवा, आन इजंची बचत!"

हे मात्र बायकांना पटलं. पण पोरांच्या अभ्यासाचं काय? निवडण-टिपणाचं काय? अशी कुरकुर सुरू झाली. जिंकत आलेल्या माणसाला थांबायचं कुठं ते कळत नाही. हंबीरराव गरजले, "ज्याला उजेडाबिगर न्हाईच भागायचं, त्यानं माझ्या सोप्यात यावं! एका बल्बाखाली धा घरं बसतील!"

घरी आल्यावर रंगूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "आवं, मला इचारलंसा का?"

"अगं, एक तर बल्ब!"

"बल्बाचं न्हाई म्हनत मी. चाचं म्हनतीया!"

आणि रंगूबाईंचंच खरं ठरलं. दिवेलागणीला घरात आलेल्या माणसाला नुसतं पाठवायची रीत ह्या मुलखात नाही. पहिल्या दिवशी सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, सात पोरं पाटी-दप्तर घेऊन आली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आया तांदूळ निवडायला आल्या. तिसऱ्या दिवशी बाप्येही आले, कारण बाया सोप्यात बसल्यावर घरी भाकरी कोण थापणार! चहाचं आधण चुलीवरून उतरेना. पण बाहेर सगळं गाव अंधारात बुडालेलं बघून हंबीररावांची छाती अशी फुगली, की सदऱ्याचं एक बटण कायमचं गेलं.

चौथ्या दिवशी नानासो आला. बगलेत भला मोठा रेडिओ.

"हे काय रं?"

"घरी लावला न्हाई, हवालदार. नियम म्हंजे नियम! तुमच्यात लावतो. शेतीचा कार्यक्रम चुकवून कसं चालंल?"

नाही म्हणायचं तर रेडिओ सगळ्यांनाच ऐकायचा होता. पाचव्या दिवशी केरबा डोक्यावर पाटी घेऊन दारात. पाटीतून चिवचिवाट!

"केरबा, अरं ही कोंबड्याची पिल्लं!"

"साट हायत. माघाची थंडी, डोस्क्यावर शंभराचा बल्ब नसंल तर सकाळपतुर एक जगायचं न्हाई. घरचा बल्ब मालवलाय, तुमच्या शिट्टीला मान देऊन! मग आनू कुटं?"

जीव मरतोय म्हटल्यावर काय बोलणार? न्हाणीजवळच्या कोपऱ्यात दुसरा बल्ब लागला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मनुबाई विजेची शेगडी घेऊन आली. तिच्या मुलानं ती मिलिटरीच्या कँटीनातून धाडली होती आणि सगळ्या गावात ती एकच होती. "घरी पेटवली तर नियम मोडतोय," मनुबाई म्हणाली, "हितं वाईच दूध तापवून घेते." आणि एवढ्या माणसांच्या ऊबेनं सोप्यात जीव गुदमरायला लागला, तेव्हा सरपंच लालासाहेब आपला टेबलपंखा गड्याच्या डोक्यावर देऊन आले. माघाच्या थंडीत पंखा!

आता मात्र हंबीररावांचा संयम सुटला. "सोप्यात उजेडाला या म्हनलं हुतं! समदं घर उचलून आना म्हनलं नव्हतं!"

लालासाहेब शांतपणे पंख्यासमोर टेकले. "हवालदार, आल्यालं मानूस हातपाय घरी ठिवून येतंय व्हय? आन सांगा, गावात एक तरी दिवा जळतोय का?"

गावात खरंच एकही दिवा जळत नव्हता. प्रत्येक उंबऱ्यावर फक्त निरांजन. हंबीरराव भिंतीशी जाऊन बसले. बसल्याबरोबर फ्यूज उडाला.

त्या आठवड्यात फ्यूज तीनदा उडाला. चौथ्यांदा हंबीररावांनी परड्याच्या कुंपणाची तार तोडून फ्यूजमध्ये घातली आणि मग तो उडायचा बंद झाला. मीटरची चकती मात्र अशी गरगरायला लागली, की जात्यावर बसलेल्या नव्या सुनेलाही तेवढा वेग जमला नसता. हंबीरराव येता-जाता तिकडं बघत. शेवटी त्यांनी खुंटीवरचा टॉवेल काढला आणि मीटरवर टाकला. दिसायचं बंद झालं, म्हणजे निम्मं संकट गेलं!

महिना भरला. त्या संध्याकाळी साडेसातला, काही न कळवता, साहेबांची जीप गावात शिरली. हंबीरराव धावतच वेशीपाशी गेले.

"वा, हवालदार!" साहेब खाली उतरून चहूकडं बघत राहिले. काळोखात ओळीनं निरांजनं तेवत होती. "असं गाव मी आजवर पाहिलं नाही!"

"तर काय! चला साहेब, मारुतीच्या देवळाकडनं जाऊ. तिकडं जास्त अंधार हाय."

पण साहेबांची नजर उलट्या दिशेला वळली. मधल्या आळीच्या छपरांवर लख्ख उजेड पसरला होता. "तिकडं लग्न आहे का?"

अठरा वर्षांच्या नोकरीत हंबीरराव कधी खोटं बोलले नव्हते. "व्हय," ते म्हणाले. "म्हंजे... न्हाई."

साहेब सोप्यात शिरले. पोरं पाढे म्हणत होती. शेगडी लालबुंद झाली होती. लालासाहेब पंख्यापुढं डोळे मिटून बसले होते. एक पिल्लू टुणटुणत येऊन साहेबांच्या बुटावर बसलं. आणि रेडिओ नेमका म्हणत होता, "संध्याकाळच्या वेळी विजेचा वापर कमी करा. स्वतः करा आणि शेजाऱ्यालाही सांगा!"

साहेबांनी टॉवेल उचलला. खालची चकती बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. फ्यूजमधली कुंपणाची तार बघितल्यावर मात्र ते पायरीवर बसलेच.

"आमच्या घरात बंद हाय, साहेब!" केरबा अभिमानानं म्हणाला. "आमच्यात बी!" सगळा सोपा एका आवाजात म्हणाला.

साहेबांनी खिशातून चिठोरी काढली, हिशेब केला. "हवालदार, हे घर सोडलं तर गाव पास. हे घर धरलं तर गाव नापास. माळावरच्या वस्तीला जेवढी वीज लागेल, तेवढी हे एकटं घर खातंय! त्यात ही तार. नियमानं तुमची जोडणी मला महिनाभर तोडता येते. तोडली तर उद्या वस्तीवर दिवा. पण तुम्ही चुकून केलंय हे दिसतंय. ताकीद देऊन सोडायचं असेल तर सोडतो, मग वस्तीचं पुढल्या वर्षी बघू. बोला!"

दाराशी घोंगडं पांघरून बिराप्पा उभा होता. तो महिनाभर ह्या उजेडाला एकदाही आला नव्हता. आज जीप बघून आला होता.

"ऱ्हाऊ द्या, हवालदार," तो म्हणाला. "आमाला सवं हाय अंधाराची."

हे वाक्य हंबीररावांच्या काळजात घुसलं. सगळ्या गावाला उजेडाला बोलावलं आणि ज्याच्यासाठी हे सारं मांडलं, तो मात्र काळोखात राहिला! त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी आत बघितलं. चुलीपुढं रंगूबाई किटली घेऊन उभ्या होत्या.

"बगता काय? शबुद दिलाय न्हवं?" रंगूबाई कडाडल्या. "तोडा म्हना! मला बी म्हैनाभर इसावा गावंल!"

"तोडा, साहेब!" हंबीररावांनी खाडकन सलाम ठोकला. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तेवढ्यात साहेबांनी फ्यूज काढला आणि दिवे गेले, म्हणून कुणाला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी माळावर दिवे लागले. हरणाबाईनं बटणाला हळदकुंकू वाहिलं आणि पहिल्यांदाच अंथरूण उजेडात झटकून घातलं.

तिसऱ्या संध्याकाळी हंबीररावांनी सवयीनं शिट्टी फुंकली आणि सोप्यात निरांजनापाशी येऊन बसले. काय ती शांतता! ना रेडिओ, ना चिवचिवाट. आळीत एकही दिवा नव्हता.

"बगितलंस?" ते समाधानानं म्हणाले. "आता सोपा न्हाई, बल्ब न्हाई, तरी कुनी दिवा लावला न्हाई. गावाला सवं लागली!"

"सवं लागलीया खरी," रंगूबाई म्हणाल्या. "पर कशाची, ते वाईच भाईर येऊन बगा."

हंबीरराव बाहेर आले. ओढ्यापलीकडच्या चढावर कंदिलांची रांग लागली होती. सगळ्यांच्या पुढं केरबा, डोक्यावर पाटी. मागं मनुबाई, शेगडी पदराखाली. त्यामागं लालासाहेब आणि पंखा घेतलेला गडी. आणि वस्तीच्या दारातून कधी न बोलणारा बिराप्पा खणखणीत आवाजात म्हणत होता, "या, या! बसा! आपलंच घर हाय!"

हंबीरराव वळून बघतात तो रंगूबाईंनी पायांत चपला घातल्या होत्या आणि हातात किटली घेतली होती.

"चला. एवढ्यांचा चा हरणाबाई एकलीच्यानं व्हायचा न्हाई."

हंबीरराव निमूटपणे निघाले. दारातून परत फिरले आणि खुंटीवरचा टॉवेल तेवढा खांद्यावर टाकला. बिराप्पाच्या मीटरवर घालायला काहीतरी नको का!