नवोपक्रम प्रोत्साहन समिती: एकशे सत्त्याऐंशी मंजूर, एक नामंजूर

शिक्षकाला स्वतःहून काही सुचू नये याबद्दल समाज पूर्वीपासून दक्ष आहे. त्याला सुचलेच पाहिजे असे ठरवायला मात्र परिपत्रक लागते. राज्य नवे, रायपूर राजधानी म्हणून नवी, तेव्हा आमच्या विद्यापीठाला शिक्षकही नवे हवे होते. भरती बंद असल्याने जुन्यांनाच नवे करायचे ठरले. नवोपक्रम प्रोत्साहन समिती झाली आणि तिचा सचिव मी झालो (त्या बैठकीला दुसरे कोणी आले नव्हते).

प्रत्येकाने सत्रात दोन नवोपक्रम करायचे. फॉर्मचा चौथा रकाना फार विचारपूर्वक घातला होता: 'हा नवोपक्रम यापूर्वी कोणी केला आहे? दाखला जोडावा.' त्यामुळे आचरटपणाला आळा बसला. चौऱ्याण्णव शिक्षकांचे एकशे अठ्ठ्याऐंशी नवोपक्रम आले. हजेरीपटाला हिरवे कव्हर. मध्य प्रदेशच्या काळातल्या नोट्स प्रोजेक्टरवर (पिवळेपणासकट). एका सरांनी तासाला वेळेवर येऊन दाखवले. फोटो जोडला होता. एकशे सत्त्याऐंशी मंजूर झाले.

उरलेला अनुश्री ढोमणेंचा. या वनस्पतिशास्त्राच्या अतिथी व्याख्यात्या, म्हणजे ज्यांची नोकरी दर एप्रिलमध्ये संपते आणि वरच्यांची मर्जी असल्यास जुलैत पुन्हा सुरू होते. त्यांनी नोट्स लिहवून घेणे बंद केले. वर्गात एक पान नेले, 'हे हिरवे का?' एवढेच विचारले आणि उत्तर येईपर्यंत गप्प उभ्या राहिल्या. अकरा मिनिटे. चौथा रकाना कोरा.

विभागप्रमुख यज्ञेश्वर सरांनी माझ्यासमोरच समजावले. "अवो मॅडम, नवीन करा ना, कोण नाही म्हणते? पण जुन्यासारखं करा! काहून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊन राहिल्या?"

"सर, बाराव्या मिनिटाले मागच्या बाकावरची पोट्टी बोलली. दोन वर्षांत पहिल्यांदा."

काय बोलली, याची नोंद नाही. मला ते ऐकायचे होते, हे इथे कबूल करतो.

तरीही आम्ही त्यांना सांभाळून घेतले असते. तेवढ्यात शंकर नगरच्या पालकांचे निवेदन आले: मॅडम नोट्स देत नाहीत, मुलांना विचार करावा लागतो, परीक्षा तोंडावर आहे. सह्या एकेचाळीस. लोकभावनेपुढे समितीचे काय चालणार? जुलैत ढोमणेंना पत्र गेले नाही.

हे वाचून तुम्ही चुकचुकलात, आम्हाला दोन शिव्याही दिल्यात. योग्यच आहेत. पण निवेदन माझ्यासमोर आहे आणि तिसरी सही तुमची आहे. मजकूर न वाचताच केली होती तुम्ही, फक्त एवढेच विचारले होते, "आमच्या पोट्टीले नोट्स कधी भेटतीन?"