अर्ध्या कोटाचा खून

भिंगराव स्वतःला ‘गुन्हेगारांचा कर्दनकाळ’ म्हणवून घेत. गुन्हेगारांपर्यंत ही बातमी अजून पोचली नव्हती, तो भाग वेगळा. बायकोचं सुईत दोरा ओवायचं भिंग ते खिशात बाळगत, आणि बायको चांगलं शिवत असल्यामुळे त्यांना गुन्ह्यांसाठी भरपूर वेळ असे.

त्या दुपारी बायको अस्तर आणायला निघाली. टेबलावर निळं लोकरी कापड अंथरून त्यावर कोटाचे कागदी साचे तिनं टाचण्यांनी लावले होते.

“वकीलबाईंचं कापड आहे. एवढंच आहे, पुन्हा मिळायचं नाही. मी आल्यावर साच्यांभोवती खडूनं खुणा करून पाचच्या आत कापलं नाही, तर उद्या त्यांना कोट नाही आणि मला गिऱ्हाईक नाही. हात लावू नका!”

भिंगरावांनी हात लावला नाही. भिंग लावलं. आणि हादरले.

“ऊठ, खून झालाय!”

मेहुणा कोपऱ्यात बटणं निवडत होता. “कुणाचा, भावजी?”

“अर्ध्या कोटाचा! बाही एकच. पुढचा भाग एकच. पाठ तर मणक्यापासून उभी चिरलेली! बाकीचे साचे समोरच्या टेलरनं पळवले.”

“त्याचा पाय मोडलाय. महिनाभर अंथरुणात आहे.”

“म्हणूनच अर्धे नेले. सगळे उचलवले नसतील.”

मेहुण्यानं एक बटण उगाचच पुन्हा मोजलं.

“किंवा,” भिंगरावांचा आवाज खाली आला, “वकीलबाईंना हातच एक आहे.”

“काल दोन्ही हातांनी टेबल बडवत होत्या.”

“वकील आहेत. पुरावा उभा करतात.”

एवढं बोलून त्यांनी खडू घेतला. प्रेताभोवती रेघ मारतात, तशी प्रत्येक साच्याभोवती काठाकाठानं, श्वास रोखून रेघ मारली. घाम पुसला. “आता शवविच्छेदन,” म्हणत कात्री उचलली. मेहुण्यानं त्यांचं मनगट धरलं.

“भावजी, ताई मला जिवंत ठेवायची नाही!”

“ठेवा ती कात्री.” दारात ताईच उभी होती. घड्याळात पावणेपाच.

भिंगरावांनी खटला मांडला. तिनं दोन बोटांनी कापडाचा काठ उचलला. खाली आणखी एक पदर.

“कापड दुहेरी घातलंय. एका साच्यात दोन बाह्या निघतात. पाठ घडीवर आहे, उलगडली की अख्खी. पंचवीस वर्षं याच टेबलाशी जेवताय तुम्ही!”

“मला तो संशय होताच,” भिंगराव म्हणाले.

तिचं लक्ष रेघांकडे गेलं. ती वाकली. बोट फिरवून पाहिलं.

“खुणा कुणी केल्या?”

“मीच. प्रेताच्या.”

ती कात्री घेऊन रेघेवरून सरसर निघाली. पाचला तीन मिनिटं असताना दोन्ही बाह्यांसकट कोटाचे सगळे भाग सुटे झाले होते.

मग तिनं कपाटातून साचे लावून ठेवलेली आणखी दोन कापडं काढली, नवऱ्यासमोर ठेवली आणि वर खडू ठेवला.

“हे दोन खून राहिलेत. उद्या दुपारपर्यंत.”