मधोमध खळी

मनोहरकाका पहिल्यांदा माझ्या दारात आले, तेव्हा त्यांच्या कोटाच्या खिशात उकडलेला बटाटा होता. गरम. कसे आहात, काय आहात काही नाही, तो माझ्यापुढे धरून म्हणाले, "दाबून बघ मेधा. चिकट लागतो की मोकळा?"

मी घरून काम करते. मीटिंग अर्धी सोडून उठले होते. दाबला. "मोकळा," म्हटलं.

"चला, पुढे!" म्हणत काका थेट स्वयंपाकघरात शिरले.

काका म्हणजे निखिलचे वडील. इथे परदेशात, ल्यूकन गावी, आमच्या समोरच्या घरात निखिल आणि त्याची पोलिश बायको बेआता राहतात. काकू गेल्यावर निखिलने काकांना नाशिकहून इकडे आणलं. तेव्हापासून त्यांना एका जागी बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. चहा उभ्याने, बातम्या फेऱ्या मारत. वाऱ्याने कचऱ्याचे डबे आडवे झाले की अख्ख्या गल्लीचे उचलून घरनंबराप्रमाणे लावतात. बसला उशीर झाला तर पुढच्या थांब्याकडे चालू लागतात, आणि नेमकी दोन थांब्यांच्या मधे बस त्यांना ओलांडून जाते. "चालणं तरी झालं. चला, पुढे!"

आता हे बटाट्याचं खूळ. क्लुस्की नावाचा पोलिश प्रकार आहे. उकडलेला बटाटा मळून छोटे गोळे करायचे, अंगठ्याने मधोमध खळी पाडायची, मिठाच्या पाण्यात उकळायचे. वरून रस्सा ओतला की तो खळीत साचतो. काकांना त्या जमवायच्या होत्या, आणि त्याही माझ्या ओट्यावर.

"तुमच्या घरी का नाही?"

"तिथे वास होतो."

उकडलेल्या बटाट्याचा कसला वास? पण मी वाद घातला नाही.

पहिल्या खेपेला सगळं पाण्यातच विरघळलं. "पिठलं झालं गं!" काका पातेल्यात बघत ओरडले. पुढच्या खेपेला पीठ इतकं घातलं की माझा नवरा एक खाऊन "चव छान आहे" म्हणाला आणि बराच वेळ पाणी पीत राहिला. काका तोवर भांडी घासून, माझी प्रेस, म्हणजे इथलं स्वयंपाकघरातलं कपाट, उघडून मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावून मोकळे झाले होते.

शेवटी ते पोलिश दुकानात जाऊन थडकले. तिथल्या हालिनाबाईंचं इंग्रजी बेताचं, काकांचं त्याहून बेताचं. पण हात दोघांचेही बोलके. परत आले ते पळतच. "मापच लागत नाही! कुस्करलेला बटाटा भांड्यात सपाट दाबायचा. चार भाग करायचे. एक भाग काढायचा, त्या रिकाम्या जागेत बटाट्याचा स्टार्च भरायचा. मग काढलेला परत घालायचा, एक अंडं, आणि मळायचं. किती घालायचं ते बटाटाच सांगतो!"

त्या दिवशी क्लुस्की अख्ख्याच्या अख्ख्या पाण्यावर तरंगल्या. काका शेगडीभोवती घिरट्या घालत होते. मला वाटलं, आता नाचतील. तर म्हणाले, "रविवारी आमच्याकडे ये. एकट्याने धीर होत नाही."

"कसला धीर?"

"बेआताची आई गेली ना. तिकडून आल्यापासून ही पोर नुसत्या टोस्टवर आहे. कामावर जाते, हसते, घरी आली की गप्प. एकदा बोलून गेली होती, आई रविवारी क्लुस्की करायची म्हणून. बिघडलेल्या तिच्यापुढे ठेवायच्या नव्हत्या."

रविवारी बेआता जिन्यावरून उतरली आणि ताटलीकडे बघत उभीच राहिली. काकांनी मीठ उचललं, ठेवलं. खिडकी उघडली, लावली. निखिल नुसता माझ्याकडे बघत होता. बेआताने एक क्लुस्का खाल्ली.

"बाबा," ती इंग्रजीत म्हणाली, "खळ्या फार मोठ्या आहेत."

काकांचा चेहरा पडला.

"आईचा अंगठा लहान होता," एवढं म्हणाली आणि रडायलाच लागली. रडत रडत तिने ताटली संपवली. मग बाह्या सारल्या, उरलेलं पीठ ओढून घेतलं आणि छोट्या छोट्या खळ्या पाडू लागली. निखिलने पाणी पुन्हा उकळत ठेवलं.

मी निघाले. काका फाटकापर्यंत आले. हॅलोविन जवळ आलेलं, दारोदार भोपळे मांडलेले. ते त्यांच्याकडे बघत म्हणाले, "आमची ही गेली तेव्हा सगळे मला 'खा, खा' म्हणत होते. डब्यांवर डबे येत होते. पण ती काय करायची, हे कुणी विचारलंच नाही."

"काय करायच्या काकू?"

काका फाटकाची कडी काढत होते, लावत होते.

"घारगे. भोपळ्याचे. जायफळ जरा जास्तच घालायची. मी दर वेळी म्हणायचो, कमी घाल. आता तेवढं जायफळ कुणीच घालत नाही."