बेचाळीस घागरींचा बेल

दानम्मा सकाळी पूजेसाठी बेल तोडायला परसात आली, तर झाडावर एक कॉलेजातली मुलगी बसलेली होती.

मुलगी चांगल्या घरची दिसत होती. वेणी नीट घातलेली, पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि दातांत बेलाची डहाळी. चोर म्हणावं तर चोर वही घेऊन येत नाही, आणि हिची वही खाली धुण्याच्या दगडावर व्यवस्थित ठेवलेली होती. दानम्माने तांब्या खाली ठेवला आणि दोन्ही हात कमरेवर नेले.

"कोण गं तू? आन वर काय करून राहिलीस?"

मुलीने दातांतली डहाळी काढली. "मी महानंदा, मावशी. लोह्याची हाय, हॉस्टेलला राहते. निसर्गात बसून राहिले."

"माझ्या झाडावर?"

"बसायचं खालीच असतंय. पान घ्यायला वर आले."

तिला खाली उतरवून, ओसरीवर बसवून, हातात चहाचा कप देऊन दानम्माने सगळा मामला काढून घेतला. लातूर जिल्हा होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. जिल्ह्याबरोबर सगळं आलं होतं, नवी कचेरी आली, नवे साहेब आले, साहेबांच्या नव्या जीपगाड्या आल्या. पाऊस तेवढा आला नव्हता. पण आपण आता जिल्ह्याचं गाव झालो या खुशीत लोकांची मान ताठ होती, आणि महानंदाच्या कॉलेजाची तर जरा जास्तच. त्यात डॉक्टरांनी पोरांची तपासणी केली. पोरं खोलीत कोंडून घेऊन घोकतात, त्यांना झोप नाही, भूक नाही, डोकी दुखतात, असं त्यांनी लिहून दिलं. मग वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक किशनराव लोहारे सरांनी उपाय काढला. वसतिगृहातल्या प्रत्येकाने रोज सकाळी एक तास उघड्यावर, झाडाखाली बसायचं. योजनेचं नाव निसर्ग-तास.

इथपर्यंत दानम्माला काही वावगं वाटलं नाही. पण पोरं खरंच बसली की नाही, हे कळायचं कसं? सर स्वतः तर खुर्ची सोडून जाणारे नव्हते. म्हणून त्यांनी पुरावा मागितला. ज्या झाडाखाली बसलात त्याचं एक ताजं पान वहीत खळीने चिकटवायचं, खाली तारीख घालायची. तेच पान दुसऱ्याने वापरू नये म्हणून सर त्या पानावरच लाल बॉलपेनने सही ठोकत.

आणि त्या दुष्काळात हिरवं पान आणायचं कुठून? कडुलिंब लोकांनी शेळ्यांसाठी शेंड्यापर्यंत ओरबाडले होते. बाभळीला पाला होता, पण तो चिकटवायचा म्हणजे चिमटा लागला असता; दोघा-तिघांनी खटाटोप करून पाहिला, तर सरांनी 'पान दिसत नाही' असा शेरा मारून गैरहजेरी लावली. कॉलेजाच्या आसपास हिरवंगार म्हणावं असं एकच झाड उरलं होतं. घरातलं आंघोळीचं, धुण्याचं, तांदूळ धुतल्याचं सगळं पाणी पोटच्या पोराला पाजावं तसं दानम्मा ज्याला पाजत आली होती, तो हा बेल.

"म्हंजे माझा बेल खाली खाली बोडका दिसायला लागलाय तो तुमच्यापायी?" दानम्माने विचारलं.

"हाव," महानंदा खाली मान घालून म्हणाली. "आमी बेचाळीस जण हाव, मावशी."

दानम्मा वर बघत मनातल्या मनात उरलेली पानं मोजू लागली. तिची लेक रुद्राणी, उदगीरला दिलेली, लग्नानंतर अकरा वर्षांनी दिवाळीत बाळंत झाली होती. दानम्माचा नवस होता की लेकीची कूस उजवली तर शिवरात्रीला घरच्या झाडाची एक हजार आठ बेलपानं वाहीन. विकतची नव्हे, घरच्या झाडाची. शिवरात्र महिन्यावर आली होती आणि इथे बेचाळीस पोरं रोज डहाळ्या मोडून नेत होती. नवसाचं देणं राहिलं तर नातवाकडे ती कोणत्या तोंडाने बघणार होती?

तिने नवऱ्याला सांगितलं, जा आणि त्या सरांना चार शब्द सुनवा. गुरुपादप्पांचं गोलाईच्या बाजारात किराणा दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सवय त्यांना तीस वर्षांत लागली नव्हती. ते तावातावाने गेले आणि तासाभराने लोहारे सरांनाच सोबत घेऊन आले. सर तर हरखून गेले होते. आपली पोरं खरंच रोज एका झाडाखाली बसतात, ही बातमी त्यांना नवीन होती. त्यांनी बेलाभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, त्याचं शास्त्रीय नाव दोनदा म्हणून दाखवलं, आणि यापुढे सगळ्यांनी इथेच बसावं असं ठरवून टाकलं.

दानम्माने नवऱ्याकडे पाहिलं. गुरुपादप्पा छाती फुगवून म्हणाले, "आमचं झाड म्हंजे आता जिल्ह्याचं झाड हाय, सर."

दुपारी परसाच्या फाटकावर पाटी लागली: 'निसर्ग-केंद्र क्रमांक एक'. क्रमांक दोन कुठे आहे असं दानम्माने विचारलं, तेव्हा ते पुढे होईल असं उत्तर मिळालं.

चार माणसांदेखत नवऱ्याने दिलेला शब्द मोडणं तिला बरं दिसेना. पण दानम्मा काही हात जोडून बसणारी बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बेचाळीस पोरं-पोरी फाटकाशी जमल्या, तेव्हा ती फाटकात पाट टाकून बसलेली होती. तिने कायदा सांगितला. झाडावर कुणी चढायचं नाही. डहाळी मोडायची नाही. माणशी एकच पान, तेही ती स्वतः तोडून देईल. आणि पान पाहिजे त्याने आधी एक घागर पाणी आणून झाडाला घालायचं.

"पाणी कुठलं आणायचं, मावशी? नळाला तर चार दिसाला पाणी येतंय," एक पोरगा कळवळून म्हणाला.

"आमच्या मळ्यात हीर हाय. दीड मैल. सकाळचं गार असतंय, चालायला बरं वाटतंय."

पहिल्या दिवशी पोरांनी तिला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल ते असो. भोकरच्या एका पोराने वाटेतच घागर ठेवून दिली आणि गैरहजेरी पत्करली. बाकीचे येताना निम्मं पाणी अंगावर सांडून, खांदे चोळत आले. पण चौथ्या-पाचव्या दिवसापासून रस्त्याने हसण्याचे आवाज येऊ लागले. कुणी उगवतीकडे तोंड करून गाणं म्हणायचं, कुणी उद्या पोपट दाखवतो म्हणायचं. ज्या पोरी एकमेकींशी वर्षभर बोलल्या नव्हत्या, त्या एका घागरीला दोन बाजूंनी धरून येऊ लागल्या. पोरं परसात फतकल मारून बसायची, दानम्मा त्यांच्या हातावर ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवायची, आणि जो तो पुस्तकाविषयी एक अक्षर न बोलता तास काढायचा. भोकरचा पोरगा परत आला, आणि दोन घागरी आणू लागला. दानम्माला मनापासून बरं वाटत होतं. नवसाच्या आधी झाड असं न्हाऊन निघतंय, तर पानं दुप्पट फुटतील असा तिचा हिशोब होता.

शिवरात्रीला पाच दिवस राहिले तेव्हा तिला पहिलं पिवळं पान दिसलं.

दुसऱ्या दिवशी पन्नास दिसली. तिसऱ्या दिवशी झाडाखाली पिवळा सडा पडला, आणि पोरं आनंदाने त्यात लोळली. दानम्माने मळ्यातल्या ग्यानोबाला बोलावून आणलं. ग्यानोबाने मातीत काठी खुपसली, ती हातभर आत गेली आणि काढताना चिखलाचा आवाज झाला.

"वयनी, किती पाणी घालून राहिले ह्याला?"

"बेचाळीस घागरी. कवा कवा त्रेचाळीस."

"रोज?" ग्यानोबाने कपाळावर हात मारला. सारा जिल्हा पाण्यावाचून तडफडत असताना हे झाड पाण्यात बुडून आजारी पडलंय, असं त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. मुळं गुदमरली होती. पाणी तोडलं तर झाड जगेल, उन्हाळ्यात पालवीही येईल, पण आता आहे तेवढा पाला गळणार, हे त्याने सांगून टाकलं.

शिवरात्रीच्या आदल्या सकाळी बेलाला पान म्हणून नव्हतं. अगदी शेंड्याला एक त्रिदळ तेवढं हिरवं राहिलं होतं. दानम्मा झाडाखाली बसली आणि तिला रडू फुटलं. खाली हवी तेवढी पानं पडली होती, पण गळलेलं पान देवाला चालत नाही. झाड वाचवायला म्हणून तिने कायदा केला होता, आणि त्याच कायद्याने झाड नागवं केलं होतं. बेचाळीस पोरं रिकाम्या घागरी घेऊन उभी होती.

महानंदा तिच्याजवळ येऊन बसली. "मावशी, वाळलेला बेल चालतो का?"

"तोडलेला आसंल तर चालतोय. बेल शिळा होत न्हाई, म्हादेवाला वाहिलेला धुऊन परत वाहिला तरी चालतोय. पर तोडून ठिवलाय कुणी?"

"आमी ठिवलाय की," महानंदा म्हणाली. "वह्यांमदी."

वह्या लोहारे सरांच्या कपाटात होत्या. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी जिल्ह्याची समिती त्या बघायला येणार होती, आणि सरांनी प्रत्येक वहीला खाकी कव्हर घातलं होतं. बेचाळीस पोरं आणि त्यांच्या पुढे डोईवर पदर घेतलेली दानम्मा कॉलेजात शिरताना पाहून शिपाई बाजूला झाला. सरांनी ऐकलं आणि ते कपाटाला पाठ लावून उभे राहिले. वह्या रिकाम्या झाल्या तर योजना झाल्याचा पुरावा काय, असा त्यांचा सवाल होता. समितीला काय कोरी पानं दाखवायची? आपण महिनाभर हजाराच्या वर सह्या केल्या, त्या काय पाण्यात घालायच्या?

"सर," महानंदा म्हणाली, "खानावळवाल्या माणिकप्पांनी प्रिन्सिपॉलसाहेबांकडं तक्रार दिलीय. लेखी. पोरं महिन्याभरात दुप्पट भाकरी खायला लागलीत, रात्री नवाला झोपून राहिलीत, रातच्या चहाला कुणी फिरकत न्हाई, हे असं चाललं तर खानावळ बंद करीन म्हणून. ती तक्रार दाखवा की समितीला."

 मग त्यांनी पोरांकडे पाहिलं. महिनाभर ते वह्या तपासत होते. पोरांना त्यांनी आज पाहिलं. पोरं उन्हाने काळी पडली होती, खांदे रुंद झाले होते, आणि एकाचाही चेहरा डॉक्टरांनी लिहून दिल्यासारखा नव्हता. त्यांनी किल्ली काढली.

संध्याकाळपर्यंत दानम्माच्या परसात घंगाळांतून बेल भिजत होता. खळ सुटली, पानं सुटली, सह्या मात्र सुटल्या नाहीत. दानम्माने राखेने घासून पाहिलं, लाल बॉलपेन हटेना. शेवटी पूजा सांगायला येणाऱ्या जंगमस्वामींना विचारलं. लोक बेलावर देवाचं नाव लिहून वाहतात, इथे सरांचं आहे, महादेवाला समजेल, असं त्यांनी सांगितलं, पण सांगताना त्यांचीही दाढी हलत होती.

शिवरात्रीच्या पहाटे मोजदाद झाली. कायद्याच्या आधी, घागरीशिवाय नेलेली पानं दानम्माने आधीच बाजूला काढली होती. आजारपणाचे, गावाकडे गेलेल्यांचे, भोकरच्या पोराचे खाडे वजा जाता वह्यांतून निघालेली पानं भरली एक हजार सात. पुन्हा मोजली. एक हजार सात.

सगळ्यांनी वर पाहिलं. शेंड्याचं एकुलतं एक त्रिदळ वाऱ्यावर हलत होतं. महानंदाने पदर खोचला, तोच दानम्माने तिला थांबवलं.

"ह्या एक हजार सातांतल्या हरेक पानामागं कुणीतरी घागर आणलेली हाय. फुकटचं एकबी न्हाई. हे शेवटचं पान फुकट कसं वाहू?"

दहा जण घागरीकडे धावले. दानम्माने मान हलवली आणि तिची नजर ओसरीवर खुर्ची टाकून बसलेल्या लोहारे सरांवर येऊन थांबली. पोरांचीही तिथेच येऊन थांबली.

"पण झाडाला आता पाणी घालायचं नाही ना?" सरांनी क्षीण आवाजात विचारलं.

"झाडाला नगं. समोरच्या लिंबाला घाला, त्यो बिचारा वाळून चाललाय."

सर गेले. सव्वा तास झाला तरी आले नाहीत. जंगमस्वामींनी दोनदा सूर्याकडे पाहिलं, गुरुपादप्पा फाटकाशी येरझाऱ्या घालू लागले. मग वळणावर सर दिसले. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, घागर अर्धी रिकामी, आणि चेहरा असा की दानम्माने आधी ओळखलंच नाही. घागर लिंबाच्या बुडाशी ओतायच्या आधीच ते बोलायला लागले. बांधावर त्यांनी सराट्याचं फूल पाहिलं होतं. पंधरा वर्षं फळ्यावर काढत आले होते, पण ते पिवळं इतकं चमकतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. पायांतून तितरांची जोडी उडाली होती. विहिरीपाशी वारा असा काही लागला म्हणे, की ते नुसतेच बसून राहिले.

महानंदा सरसर वर गेली आणि त्रिदळ घेऊन खाली आली. ओसरीवर मांडलेल्या पिंडीपुढे जंगमस्वामींनी मंत्र सुरू केला. एकेक पान दानम्माच्या हातून पिंडीवर पडत गेलं, लाल सहीवर लाल सही चढत गेली, आणि रुद्राणीच्या बाळाचं नाव घेता घेता तिचे डोळे भरून आले. शेवटचं त्रिदळ तिने उचललं तेव्हा ते हिरवंगार आणि कोरं होतं. शेजारी उभ्या सरांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला.

"राहू द्या, सर," दानम्मा हळूच म्हणाली. "ह्याची हजेरी म्हादेवच लावंल."

सरांनी हात मागे घेतला. पूजा झाली, प्रसाद वाटला, पोरं उपासाची भगर खायला पंगतीत बसली. सर महानंदाच्या जवळ सरकले आणि गुरुपादप्पांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं की उद्या किती वाजता निघायचं.

"साडेपाचला, सर," महानंदा म्हणाली. "घागर ज्याची त्यानं आणायची."