सुपडूनानांचा सोमवारचा शब्द

दर सोमवारी सकाळी आमचे शेजारी सुपडूनाना ओट्यामागच्या भिंतीवर खडूनं एक शब्द लिहितात. मग गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला अडवून तो शब्द समजावतात. ट्रॅक्टरवाला असो, दूधवाला असो, सुटका नाही. शब्द साधेसुधे नसतात बरं का! सामू, आच्छादन, जैवविविधता, सेंद्रिय कर्ब.

आता मी कोण, तेही सांगतो. मी कृषी पदवीधर. शेतीखात्यात आयुष्य घालवून सावद्यात निवृत्त झालेला अधिकारी. नाना सातवी पास, केळीचे बागायतदार. आणि शेतीचे शब्द समजून घ्यायला लोक जातात कोणाकडे? नानांकडे! खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट होतो.

बरं, समजावतात तरी कसं! "सेंद्रिय कर्ब म्हंजे भो, ताटातलं लोनचं. दिसतं एवढंसं, पन त्याच्याबिगर घास उतरत नाही." लोणचं! मी गावोगावच्या मेळाव्यांत 'जमिनीतील सेंद्रिय पदार्थांत असलेल्या कर्बाचे प्रमाण' असं घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. लोक चहा कधी येतो ते बघत बसायचे.

जैवविविधतेच्या सोमवारी तर ओट्यापुढे गर्दी झाली. नाना म्हणाले, "पंगतीत नुसत्या बट्ट्या वाढल्या तर तू जेवशीन का? वरन पाह्यजे, वांग्याची भाजी पाह्यजे. जमिनीचंबी तसंच. बारा महिने केळी, केळी, केळी! तिले कटाळा येत नसीन का?" सगळे माना डोलावत होते. मी खिडकीतून ऐकत होतो. व्याख्या ढोबळ होती, पण चूक काढायला जागा सापडेना, त्यामुळे जास्तच राग आला.

"पोटात दुखतंय का?" बायकोनं विचारलं. "ओवा देऊ?"

शेवटी मीही फाटकावर फळा टांगला. सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'बाष्पोत्सर्जन : वनस्पतींच्या पर्णरंध्रांद्वारे होणारे जलबाष्पाचे उत्सर्जन.' दिवसभरात एकच गृहस्थ थांबला. वाचून काळजीनं म्हणाला, "साहेब, मंग उद्या नळाले पानी येनार नाही का?"

नानांनी तोच शब्द पुढच्या सोमवारी घेतला. "झाडाले घाम येतो, बस." झालं, गल्लीला समजलं.

मला खरं सलायचं ते वेगळंच. हा माणूस शब्द कुठून तरी विचारून आणतो, हे उघड होतं. भिंतीला भिंत लागून पदवीधर राहतो, मग मला का विचारत नाही? एकदा, एकदाच म्हणावं, "साहेब, याचा अर्थ काय?" ते कधीच म्हणाले नाहीत. मी ओट्यावर जाऊन मुद्दाम घसा खाकरायचो, तर चहा पाजायचे.

गेल्या रविवारी संध्याकाळी बायकोनं त्यांच्यासाठी शेवभाजीचा डबा दिला. अक्का, म्हणजे नानांची बायको, दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी उज्ज्वला दूर दक्षिणेत मातीची शास्त्रज्ञ आहे. घरात नाना एकटेच. मी गेलो तेव्हा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून खाटेवर बसले होते. एका हातात मोबाईल, मांडीवर वही. वहीत एकच शब्द : निक्षालन.

मी डबा हातात तसाच धरून पुढे सरसावलो. आला मासा गळाला!

"नाना, निक्षालन म्हणजे पाण्याबरोबर जमिनीतली अन्नद्रव्यं..."

नानांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मोबाईल मांडीवर पडला.

"सांगू नका साहेब! हात जोडतो."

"अहो, मला येतं ते!"

"तुमाले बठ्ठं येतं, मले का माहीत नाही? म्हनून तर तुमाले विचारत नाही." त्यांनी मोबाईल उचलून सदऱ्याला पुसला. "अक्का होती तवा मायलेकी घंटा घंटा बोलत. माह्यासंगं काय बोलीन ती? जेवले का? जेवलो. गोळी घेतली? घेतली. झाला फोन. मंग एक डाव मी तिले सेंद्रिय कर्ब विचारला. अर्धा तास बोलली भो पोरगी. हासलीबी. आता दर रईवारी एक शब्द पुस्तकातून काढून ठेवतो. तुमी सांगून टाकलं, तर मी तिले काय विचारू?"

तेवढ्यात फोन वाजला. जेवण, गोळी, दोन्ही झालं. मग नाना जरा पुढे झुकले. "बाई, ते निक्षालन म्हंजे काय वं?"

पलीकडून आवाज आला, "थांबा नाना, नीट बसते, मग सांगते."

मी डबा ठेवला आणि हळूच उठलो.

घरी येऊन खुर्चीत बसलो. असा हेवा मला आजवर कोणाचा वाटला नव्हता. माझा मुलगा पुण्यात असतो. कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. काय करतो, ते मी त्याला कधी विचारलेलं नाही.