बारा सीटचं इंजिन

माझ्या मुलीच्या रेसच्या गाडीत सीट एकच आहे, पण बारा माणसं भरल्याशिवाय ती गाडी सुटत नाही.

यात गाडीचा दोष नाही. तिचं इंजिन माझ्या जुन्या वडापच्या जीपचं आहे; वडाप म्हणजे माणसं भरली की सुटणारी खासगी गाडी. त्या इंजिनाने गारगोटी ते कोल्हापूर माणसं वाहिली, आमचं घर चालवलं, प्रणालीला इंजिनिअर केलं. जीपचा पत्रा गंजून गेला तेव्हा प्रणालीने इंजिन उतरवलं, नवे पिस्टन घातले, टर्बो बसवला आणि स्वतः वेल्डिंग केलेल्या चेसिसवर ते चढवलं. ताकद पुष्कळ वाढली. सवय तीच राहिली. किल्ली फिरवली की ते चालू होतं, न्यूट्रलमध्ये छान गुरगुरतं. गिअर टाकला की बंद पडतं आणि माणसांची वाट बघत बसतं.

पहिल्या शर्यतीत लाल दिवे विझले, बाकीच्या गाड्या निघून गेल्या आणि प्रणाली रेघेवरच राहिली. दुसऱ्या शर्यतीला आम्ही वाळूची पोती बांधून पाहिली. इंजिनाने दाद दिली नाही. त्याचंही बरोबर होतं. वाळूला कुठे जायचं नव्हतं, आणि गाडी कधी सुटणार असं एकाही पोत्याने विचारलं नव्हतं.

संयोजकांचा नियम असा की तिसऱ्यांदाही शर्यत पूर्ण झाली नाही तर चालकाचं रेसिंगचं लायसन रद्द. जिंकलंच पाहिजे अशी अट नव्हती. शर्यत पूर्ण करायची होती, एवढंच.

"दुसरं इंजिन बघायचं का?" मी विचारलं.

प्रणालीने पाना पुसून पेटीत ठेवला. "नको, पप्पा. ह्यानंच वाढवलंय मला."

म्हणून मी गारगोटीच्या स्टँडवर गेलो आणि माझ्या जुन्या प्रवाशांना अडचण सांगितली. कारण कोणी विचारलं नाही. हौसाबाई चौगुले एवढंच म्हणाल्या, "कवा निघायचं?" बांगड्या विकणारे रमजान अत्तार, ज्यांना सगळे अत्तारमामा म्हणतात, ते म्हणाले, "सर्जेराव, वीस वर्सं माझी पेटी टपावर चढवलीस. एक बांगडी फुटली न्हाई. मी मागं उभा ऱ्हातो, मागची जागा माझी." असे अकरा जण झाले. बारावा मी. आयुष्यभर स्टिअरिंग धरल्यामुळे प्रवासी म्हणून बसायची ही माझी पहिलीच वेळ होती.

शर्यतीच्या सकाळी आम्ही टेम्पोने ट्रॅकवर पोचलो. शेजारच्या शेडमध्ये पुण्याचा ईशान राजवाडे होता. त्याची गाडी परदेशातून आलेली, पाण्याच्या थेंबासारखी गुळगुळीत. आम्हाला उतरताना बघून तो हसला. "काका, वऱ्हाड कुठं निघालं?"

"तुझ्याच लग्नाला," हौसाबाई म्हणाल्या. "नवरदेवाला कुणी सांगितलं न्हाई वाटतं."

तपासणीला म्हेत्रे साहेब होते. हे मुख्य तांत्रिक तपासनीस. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मग आमच्याभोवती मारली.

"चालकाशिवाय कोणालाही बसता येत नाही," ते म्हणाले. "प्रवासी चालणार नाहीत."

"हे प्रवासी नाहीत, साहेब," प्रणाली म्हणाली. "यांच्याशिवाय इंजिन चालत नाही. ज्याच्याशिवाय इंजिन चालत नाही त्याला तुम्ही काय म्हणता?"

म्हेत्रे साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. "इंजिनाचा भाग म्हणतो," ते म्हणाले. "मग रीतसर तपासावे लागतील."

आम्हाला ओळीने उभं केलं. अत्तारमामांना सर्दी झाली होती.

"इथे गळती आहे," साहेब म्हणाले.

मामांनी रुमालाने नाक पुसलं. "बंद झाली."

हौसाबाईंच्या तोंडात टॉर्च मारून साहेब थांबले. "हा एक दात ढिला आहे."

"त्यो माझा घरचा हाय. इंजिनाला लागत न्हाई."

हे साहेबांनी मान्य केलं. मग जशी इंजिनाच्या नटबोल्टना लावतात तशी तार आणि शिशाचं सील प्रत्येकाच्या मनगटाला लावलं. "ऐका. शर्यत सुरू झाल्यावर भाग काढायचा नाही, बदलायचा नाही, वाढवायचा नाही. सील नसलेला भाग इंजिनात सापडला तर शर्यत बाद."

प्रणाली सीटवर बसली. आम्ही बाजूच्या पत्र्यांवर, मागच्या पाइपांना धरून, जमेल तसे बसलो. दिवे लागले. अत्तारमामांनी वैतागून विचारलं, "आता कवा सुटणार ही?" ते ऐकताच इंजिनाचा सूर बदलला. दिवे विझले, प्रणालीने गिअर टाकला आणि गाडी सुटली. मला भरून आलं. पण एका हाताने पाइप धरलेला होता आणि दुसऱ्या हाताने हौसाबाईंची पिशवी, त्यामुळे डोळे तसेच वाऱ्यावर वाळू दिले.

पहिल्याच वळणावर एका प्रेक्षकाने ईशानच्या गाडीला हात केला. आमची गाडी अदबीने त्याच्यासमोर जाऊन थांबली.

"फुल्ल हाय, फुल्ल हाय!" अत्तारमामा मागून ओरडले. "मागनं दुसरी येतीया!"

मागून खरंच दुसरी येत होती, कारण एवढ्या वेळात पुढच्या गाड्या एक फेरी मारून आमच्यापर्यंत पोचल्या होत्या. इंजिनाची खात्री पटली आणि आम्ही निघालो. हात करणारे लोक पुष्कळ होते. प्रत्येकापुढे आम्ही थांबलो, प्रत्येकाला मामांनी समजावलं. त्यांचा आवाज बसला तेव्हा बाकीच्यांनी आळीपाळीने ओरडायला घेतलं. मोकळा रस्ता मिळेल तिथे प्रणाली अशी गाडी काढायची की हौसाबाई म्हणायच्या, "सर्जेराव, पोरगी तुझ्यापरास बरी चालवतीया." मला ते मान्य होतं.

आमची शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा बाकीच्यांची शर्यत संपलेली होती. शेवटच्या वळणावर ईशान उभा होता. त्याच्या गाडीचा मागचा अॅक्सल तुटला होता. हेल्मेट काखेत, आणि हात वर. आमची गाडी थांबली.

"फुल्ल हाय," मामा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मागनं…" आणि त्यांनी मागे वळून बघितलं. मागून कोणीच येणार नव्हतं.

वडापच्या धंद्यात एक रीत आहे. शेवटची गाडी रस्त्यावर कोणाला सोडून जात नाही. टपावर घेते, फूटबोर्डवर घेते, पण घेते. ही रीत मीच त्या इंजिनाला लावली होती. प्रणालीने तीनदा गिअर टाकला, तीनदा इंजिन बंद पडलं. समोर शेवटची रेघ दिसत होती.

"मला घेतलंत तर तुमची शर्यत बाद होईल," ईशान म्हणाला. त्याला नियम माहीत होता. "ढकलून बघू का?"

"ढकलून जाणार नाही ते," प्रणाली म्हणाली. तिने क्षणभर डोळे मिटले. "चढ. पण तू इंजिनाचा भाग नाहीस, समजलं? तू वजन आहेस. बोलू नकोस, हलू नकोस. हौसाकाकू, ह्याला धरा."

हौसाबाईंनी पदर खोचला, त्याच्या कमरेला विळखा घातला आणि त्याला छातीशी आवळलं. प्रणालीने गिअर टाकला. आम्ही रेघ ओलांडली.

म्हेत्रे साहेब सगळी सीलं तपासत आले आणि ईशानपाशी थांबले. "हा भाग कोणता?"

"भाग नाही, साहेब. जादा वजन आहे," प्रणाली म्हणाली.

साहेबांनी नियमावली उघडली आणि शांतपणे वाचली. आम्ही सगळे, वजनासकट, श्वास धरून होतो.

"किमान वजनाची मर्यादा आहे, कमाल वजनाची नाही," ते शेवटी म्हणाले. "जादा वजन लावायला हरकत नाही. मात्र ते घट्ट बसवलेलं हवं. हाताने ओढून हलता कामा नये."

त्यांनी ईशानचा दंड धरून ओढला. मग दोन्ही हातांनी ओढला. मग पत्र्याला पाय लावून ओढला. ईशानचा चेहरा लाल झाला, पण हौसाबाईंनी त्याला तसूभरही हलू दिलं नाही.

"पक्कं आहे," साहेब म्हणाले आणि प्रणालीच्या नावापुढे शर्यत पूर्ण असं लिहिलं.

प्रणाली उतरली आणि प्रत्येकाच्या पाया पडली. म्हेत्रे साहेबांच्याही पडायला गेली, पण ते मागे सरकले. ईशानला सोडवल्यावर तो बरगड्या चोळत इंजिनापाशी गेला आणि वाकून त्याला थँक यू म्हणाला. अत्तारमामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

साहेब पक्कडीने आमची सीलं तोडत होते. "पुढची शर्यत लांब पल्ल्याची आहे," ते प्रणालीला म्हणाले. "सुटे भाग जवळ ठेवावे लागतील."

हौसाबाईंनी थोडा विचार केला. "माझी धाकटी सून हाय. अंगानं मजबूत हाय."

"आधी तपासणीला आणा," म्हेत्रे साहेब म्हणाले.