दहा वाजताची ग्रामसभा

आमच्या गावात ग्रामसभा एकाच दिवशी दोनदा भरते. एक दुपारी बारा वाजता, गावाची. दुसरी सकाळी दहा वाजता, धर्मातात्यांची. नोटिशीवर दहाच लिहिलेलं असतं, त्यामुळे नियमाने बघायला गेलं तर खरी सभा तात्यांचीच. तिला हजर मात्र एकटे तात्याच असतात.

माझी स्वयंपाकघराची खिडकी समाजमंदिराच्या दारासमोर आहे, म्हणून मला ही सभा तोंडपाठ झाली आहे. तात्या दहाला पाच कमी असताना येतात, कोपऱ्यातली सतरंजी स्वतः अंथरतात आणि दहा वाजले की उभे राहून भिंतींना सांगतात, "सरपंच हजर नाय. हजर आहेत त्यांच्यातून अध्यक्ष निवडायचा. मी धर्माचं नाव सुचवतो. कोणाची हरकत? नाय." मग अध्यक्षाच्या खुर्चीवर बसतात. "विषय पयला. उघाडीच्या झडपा. सूचक, धर्मा." सूचक होण्यासाठी पुन्हा उठतात, पुन्हा बसतात. "अनुमोदक?"

इथे ते थांबतात. चांगली दोन-तीन मिनिटं दाराकडे बघत बसतात. मग खाकरून म्हणतात, "एकमतानं मंजूर. वेळ लिवा, धा वाजून बारा मिनटं." आणि शाळेच्या वहीत स्वतःच लिहितात.

सगळा गाव हसतो. मीही हसायचे, पण आतून मला संताप यायचा. मी पंचायतीची सदस्य. राखीव जागेवर का होईना, निवडून आलेली. हा माणूस दर सभेला मला गावासमोर वेंधळी ठरवतो आहे असं वाटायचं.

तात्या जन्मभर मिठागरात राबलेले. घड्याळ त्यांनी म्हातारपणी घातलं, त्याआधी त्यांचा दिवस भरती-ओहोटीवर चालायचा. कोणी उशिरा आलं की त्यांचं ठरलेलं वाक्य, "भरतीला सांगितलं काय, बारा वाजता ये म्हनून?" हे ते एसटीच्या ड्रायव्हरला ऐकवतात, लग्नात भटजींना ऐकवतात. एकदा मयताच्या घरी उशिरा पोचलेल्या जावयालाही ऐकवलं होतं. घराच्या अंगणात ते मला "सुमन गो" म्हणतात, लिंबं देतात. समाजमंदिराची पायरी चढले की मी "सदस्यबाई" होते आणि लिंबांचा विषय संपतो.

आता उघाडीचं सांगते, कारण सगळा राग तिथूनच येतो. रोह्याहून कुंडलिका खाली येते आणि आमच्या गावापाशी तिचं पाणी खारं होतं. खाडी आणि भातशेती यांच्या मधे मातीचा बांध आहे. त्या बांधात पावसाचं पाणी बाहेर सोडायला एक दार ठेवलंय, ती उघाडी. तिच्या लाकडी झडपा ओहोटीला उघडतात, भरतीला मिटतात. त्या झडपा कुजून गेल्या आहेत. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला खारं पाणी थेट शेतात शिरतं. एकदा जमिनीत मीठ मुरलं की पुढची दोन-तीन वर्षं तिथे भात होत नाही. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

आणि बारा वाजताच्या सभेत आम्ही काय करतो? गावाच्या वेशीवर स्वागताची कमान बांधायची आहे, तिच्यावर कोणाच्या वडिलांचं नाव घालायचं, यावर लागोपाठ तीन सभा आम्ही भांडलो. खुर्च्या उचलल्या एकमेकांवर. तात्यांनी झडपा म्हटलं की ग्रामसेवक म्हणतात, वरच्या ऑफिसला पत्र दिलंय. वर विचारलं की ते म्हणतात, गावाचा ठराव कुठाय. आणि ठराव घ्यायची वेळ आली की सगळ्यांना भूक लागलेली असते. लाज वाटते मला हे लिहिताना, पण त्या सभेत मीही असते, आणि मलाही भूक लागलेली असते.

पुष्कळदा तर मी नसतेच. सभेला माणसं पुरी भरली नाहीत तर ती तहकूब होते, म्हणून आमचा शिपाई हजेरीचं रजिस्टर घेऊन दारोदार फिरतो. कंपनीतून शिफ्ट करून आलेले अंथरुणातून सह्या करतात. मी भाकऱ्या थापता थापता करते.

गेल्या सभेला तात्यांनी ते रजिस्टर सगळ्यांसमोर उघडलं, वर धरलं आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं. "ही बघा, सदस्यबाईंची सही. बाजूला पीठ लागलंय. पीठ सभेला हजर होतं, बाई नव्हती. लिवून घ्या." लोक खो खो हसले. मी नेमकी तेव्हाच दारात पोचले होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सभा संपताच मी तडक त्यांच्या घरी गेले. चार माणसांत अब्रू काढायची म्हणजे काय, हे आज विचारायचंच, असं ठरवून गेले.

तात्या घरात नव्हते. खाटेवर जनाकाकी होती, त्यांची बायको. कंबर मोडल्यापासून ती खाटेवरच असते. आज मी बसते त्या जागेवर तिने पाच वर्षं काढली आहेत, गावातली पहिली बाई सदस्य. मी दारात उभी राहूनच विचारलं, "तात्या कुठे आहेत?"

"उघाडीवर. आज पुनव. उधान यायच्या आत गोणीत माती भरून दार बुजवतात. दर उधानाला जातात." तिने मला जवळ बोलावलं. "बस गो. आज पन ठराव मंजूर झाला म्हनले. खरं काय?"

मी मान डोलावली.

"दर खेपेला मंजूर होतो. मग मी विचारते, सूचक तुमी, अनुमोदक कोन? की लगेच यांना पानी आनायला जायचं असतं. खोटं बोलायला येत नाय त्यांना." ती छताकडे बघत बोलत होती. "हा ठराव पयला मीच मांडला होता, माज्या शेवटच्या सभेला. झडपा तवा नुकत्या कुजायला लागल्या होत्या. सरपंचांनी विचारलं, अनुमोदक कोन? कोनी बोललं नाय. हे मागं बसले होते. यांनी पन हात वर केला नाय. बायकोला अनुमोदन दिलं तर लोक हसतील ना." मग ती माझ्याकडे वळली. "सांग ना गो. आज कोनी दिलं?"

"मी," मी म्हटलं. "मी दिलं, काकी."

तेवढ्यात तात्या मागच्या दाराने आले, गुडघ्यापर्यंत चिखल. काकी त्यांना म्हणाली, "आवं, सुमननं अनुमोदन दिलं, मग सांगायला काय झालं?" तात्यांनी माझ्याकडे बघितलं. सभेत ज्या आवाजाने खिडक्या हलतात तो आवाज कुठे गेला कोण जाणे. "इसरलो गो," एवढंच ते पुटपुटले आणि हात धुवायला बाहेर गेले. मी भांडायला गेले होते हे मला घरी पोचल्यावर आठवलं.

पुढच्या सभेच्या दिवशी शिपाई रजिस्टर घेऊन माझ्या दारात आला तेव्हा दहाला दहा कमी होते. मी त्याला इतकं झापलं की तो चप्पल उलटी घालून पळाला. तवा उतरवला आणि समोर गेले. घराच्या चाव्या शोधण्यात थोडा वेळ गेला.

तात्या अध्यक्षाच्या जागी बसले होते. त्यांनी मनगटाकडे पाहिलं. "चार मिनटं उशीर, सदस्यबाई. भरतीला सांगितलं काय?" मला पुन्हा राग आला. मी सतरंजीवर बसले.

"विषय पयला. उघाडीच्या झडपा. सूचक, धर्मा." ते उठले, बसले. "अनुमोदक?"

मी हात वर केला. हाताला पीठ तसंच होतं.

"नाव सांगा," ते म्हणाले. पाळण्यातली असल्यापासून ओळखतात मला, तरी नाव सांगायला लावलं. मी सांगितलं. त्यांनी एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं, वेळ लिहिली, वही माझ्या हातात दिली आणि चपला शोधू लागले. सभा अर्धवट टाकून तात्या उठलेले मी आजवर कधी बघितले नव्हते.

"तात्या, अजून विषय आहेत."

"चालू ठिवा तुमी," ते पायरी उतरता उतरता म्हणाले. "मी घरी सांगून येतो."

बारा वाजेपर्यंत मी तिथे एकटीच बसून होते, वही मांडीवर आणि डोकं तापलेलं, बाकीच्यांची वाट बघत.